शून्यावरची सही

आमच्या पर्थच्या घरमालकांचं मी देणं लागतो ते भाड्याचं नव्हे. भाडं त्यांनी पै न पै घेतलं. फक्त मला जमेल तेव्हा घेतलं. २००८च्या मंदीत मी जिथे हिशेब लिहायचो ती कचेरी बंद पडली. बायकोच्या रुग्णालयातल्या पगारावर घर चालू लागलं आणि पहिल्या तारखेला जिन्यात त्यांची गाठ पडू नये म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करायला लागलो. एकदा ते मागच्या दाराशीच उभे. म्हणाले, "भाड्याचं बोलायला नाही आलो, पोरा. तुला सेंटिमीटर वाचता येतात ना?"

हे पर्थ ऑस्ट्रेलियातलं नव्हे, स्कॉटलंडमधलं. टे नदीच्या काठचं. फ्लाय फिशिंगची जागतिक स्पर्धा २००९ साली स्कॉटलंडमध्ये भरायची होती आणि टे नदीवरही तिचे सामने होते. पिसं, लोकर आणि रेशमाचा धागा गळाला गुंडाळून कीटकासारखी दिसणारी माशी बनवायची आणि तिच्यावर मासा फसवायचा, असा हा खेळ. गांडूळ नाही, पीठ नाही, वासाचं काही नाही. जागतिक स्पर्धा १९८१ साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती देश बदलत फिरते. जिथे जाते तिथे तिला एका गोष्टीची सतत टंचाई भासते, ती म्हणजे कंट्रोलरांची. प्रत्येक स्पर्धकामागे एक माणूस लागतो. मासा मोजायचा, कागदावर लिहायचा, स्पर्धकाची सही घ्यायची, मासा जिवंत सोडला गेला हे बघायचं. हे काम गावातली माणसं करतात, फुकट.

आमचे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले, नदीवरच्या क्लबचे जुने सभासद. घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांना या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर ते दोन दिवस खूश होते. त्यांनी कंट्रोलर म्हणून स्वतःचं नाव कधीच देऊन ठेवलं होतं. पण त्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कप बशीत ठेवला की खुळखुळायचा. आकडा लिहिला तर तीन की आठ ते कळत नसे. त्यांनी आपली जागा मला दिली. हिशेबनिसाचा हात स्थिर असतो, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांच्या स्वयंपाकघरात माझी शिकवणी सुरू झाली. मोजायला लाकडाची एक पन्हळ असते, एका टोकाला बंद, तळाला खुणा. माशाचं तोंड बंद टोकाला टेकवायचं आणि शेपटीचं टोक जिथे पोचेल तो आकडा वाचायचा. मासा कुठून आणणार? आम्ही गाजरं मोजली. ओली करून, कारण ओला मासा निसटतो. ते गाजर मुद्दाम हातातून सोडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. आजींनी त्या आठवड्यात गाजराचं सूप इतक्या वेळा केलं, की आमच्या बायकोने गाजर हलव्यालाही नकार दिला.

नियम मला पहिल्यांदा वाचताना नुसते जाचक वाटले होते. काठी बारा फुटांहून लांब नको. दोरीवर वेगळं शिशाचं वजन नको, तरंगणारं बूच नको. माश्या तीनपेक्षा जास्त नकोत. गळाला काटा नको. असलाच तर चिमट्याने दाबून सपाट केलेला हवा. सामना सुरू होण्याआधी कंट्रोलरने तो कापडावर ओढून बघितला तरी चालतं. धागा अडकला तर गळ बाद. पण आजोबांनी या अटी भराभर उरकल्या. म्हणाले, ही सगळी माशाच्या सोयीची कलमं. माणसाच्या सोयीचं कलम पुढे आहे. आणि गुणांच्या पानावर ते थांबले.

संघ पाच जणांचा. पाण्याचे पाच भाग, म्हणजे सेक्टर, आणि पाच सत्रं, प्रत्येक तीन तासांचं. प्रत्येक सत्रात संघाचा एकेक माणूस एकेका सेक्टरमध्ये असतो आणि शेवटपर्यंत प्रत्येक जण पाचही पाण्यांवरून फिरून येतो. नदीचा कुठला तुकडा कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पात्र माशाला १०० गुण, शिवाय दर सेंटिमीटरला २०, आणि सुरू झालेला सेंटिमीटर पुरा धरायचा. २४ आणि थोडा म्हणजे २५. चाळीस सेंटिमीटरचा देखणा मासा ९०० गुणांचा. वीस वीसचे दोन बारके मिळून १०००. मी हिशेबनीस, मला ही आकडेमोड लगेच आवडली. आजोबा म्हणाले, "थांब, खरी गंमत पुढे आहे. हे गुण सेक्टरच्या बाहेर जातच नाहीत."

म्हणजे असं. गुणांवरून त्या सेक्टरमध्ये त्या सत्रापुरते क्रमांक लागतात. पहिल्याला १, दुसऱ्याला २, विसाव्याला २०. संघाच्या नावावर चढतात ते हे क्रमांक. पाच जणांच्या पाच सत्रांचे पंचवीस क्रमांक मिळवायचे आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकला. एखाद्याने ढीगभर मासे काढले तरी त्याच्या संघाला मिळणार एकच एक. आणि ज्याला तीन तासांत एकही मासा लागला नाही, त्याचा तळाचा क्रमांक पूर्ण वजनाने बेरजेत बसणार. त्याला वगळता येत नाही. उत्तम चौघांचेच धरू, पाचव्याचा सोडून देऊ, अशी सवलत नाही. क्रिकेटमध्ये एकाच्या द्विशतकावर दहा जण पोटभर झोपू शकतात. इथे ते जमत नाही. त्यामुळे या खेळातले शहाणे संघ आपल्या पहिल्या माणसाच्या मागे कमी आणि शेवटच्याच्या मागे जास्त लागतात. संध्याकाळी ज्याच्या कागदावर शून्य आहे त्याच्याशी बाकीचे चौघे बसून बोलतात: पाणी कसं होतं, माशी किती खोल गेली, उद्या त्याच पाण्यावर जाणाऱ्याने काय करावं.

मला वाटतं, आजोबा आयुष्यभर असेच वागले. त्या जिन्यावर तेव्हा शून्यावर होतो तो मी. माझ्याशी त्यांनी नोकरीचं एक अक्षर काढलं नाही, धीर दिला नाही, 'होईल सगळं नीट' म्हटलं नाही. गाजर मोजायला बसवलं.

त्या बैठकांत माझ्याकडूनही त्यांनी काही काढून घेतलं. मी मूळचा महाडचा हे कळल्यावर त्यांनी आमच्या नद्यांची चौकशी केली. मी त्यांना वाळण कोंडीचं सांगितलं. महाडपासून जवळ काळ नदीत तो खोल डोह आहे, काठी वरदायिनीचं देऊळ. डोहात महसीर थव्याने फिरतात, लोक त्यांना चुरमुरे टाकतात, आणि कुणी गळ टाकत नाही, कारण मासे देवीचे. आजोबांनी ते दोनदा सांगायला लावलं. तिथे नियमाचं पुस्तक कुणाकडे असतं, कंट्रोलर कोण, दंड काय, असं सगळं विचारलं. पुस्तक नाही म्हटल्यावर बराच वेळ हसले. उलट त्यांनी मला सांगितलं, की काश्मीरच्या नद्यांमधले ट्राउट मूळचे तिथले नाहीत. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी गेली, त्यांतून ते वाढले. आधीची एक खेप वाटेतच मेली होती. आपल्या सह्याद्रीत ट्राउट जगणार नाही, त्याला थंडगार पाणी लागतं. पण या माणसाने त्या अंड्यांचा प्रवास अशा आपुलकीने सांगितला, जणू पार्सल त्यांनीच गाडीत चढवलं होतं.

स्पर्धेच्या दिवसांत मी उसने घेतलेले गमबूट घालून टेच्या काठी उभा राहिलो. पहिला स्पर्धक आला तो मशीनच. मासा, जाळी, पन्हळ, आकडा, सही. मासा, जाळी, पन्हळ. माझं काम कारकुनी, आणि कारकुनीत मला सुख वाटतं. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की प्रत्येक मासा पाण्यात सोडताना तो त्याच्याशी आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा.

दुसऱ्या सत्रातला स्पर्धक वयाने लहान होता. त्याच्या वाट्याला चिठ्ठीत सपाट, उथळ, उन्हात चकाकणारा तुकडा आला होता. दोन तास काही नाही. मग एक लागला. त्याने अलगद जाळीत घेतला, पाण्यातून धावत माझ्याकडे आला. पन्हळीत ठेवला. किमान लांबी वीस सेंटिमीटरची होती, आणि शेपटी खुणेच्या अलीकडे थांबली. बारीकशी फट. सुरू झालेला सेंटिमीटर पुरा धरतात, पण ते पात्र माशाला. किमान म्हणजे किमान. मी पुन्हा ठेवला, शेपटी हलकेच सरळ केली. फट तशीच. काठावर घडीच्या खुर्चीत आजोबा बसले होते. त्यांच्याकडे बघावंसं वाटलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

मी "नाही" म्हटलं. त्या पोराने पन्हळीत वाकून बघितलं, मान हलवली, मासा सोडला आणि परत पाण्यात गेला. वाद नाही, चडफड नाही. शिट्टी होईपर्यंत तो काठी फिरवत राहिला. त्याच्या रकान्यात शून्य राहिलं. मला वाटलं, यावर सही काय मागायची? कागद तसाच घडी करून ठेवत होतो. तेवढ्यात आजोबा खुर्चीतून म्हणाले, "शून्यावरही सही लागते." मी कागद पुढे केला. त्या मुलाने नीट, पूर्ण नावाने सही केली, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि बसकडे गेला. बसच्या दाराशी त्याच्या संघातले दोघे उभे होते. एकाने त्याची काठी घेतली, दुसऱ्याने थैली. काय बोलले ते मला कळलं नाही, पण बस सुटेपर्यंत ते तिघे हातांनी नदीचे आकार काढत होते.

पुढचा हिवाळा स्कॉटलंडने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका कडक निघाला. बर्फ साचलं, रस्ते अडले. आमच्या मुलीचा जन्म त्याच हिवाळ्यातला. रात्री टॅक्सी यायला तयार होईना. आजोबांनी मुलाला फोन करून त्याची मोठी गाडी मागवली आणि स्वतः शेजारी बसून त्याला डंडीच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता सांगत नेलं, कारण कुठे नदीकाठी बर्फ जमतं ते त्यांना माशांमुळे माहीत होतं. मला नोकरी त्यानंतर लागली. राहिलेलं भाडं मी एकदम नेऊन दिलं. त्यांनी ते मोजून घेतलं, थरथरत्या हाताने पावती लिहिली आणि तिच्यावर माझीही सही घेतली. पावतीवर भाडेकरूची सही लागत नाही हे मला हिशेबनीस म्हणून पक्कं ठाऊक होतं. मी काही बोललो नाही.

आजोबा आता नाहीत. भाडं फिटलं. डंडीचा रस्ता आणि ती गाजरं फिटणार नाहीत, आणि फेडायला आता समोर कुणी नाही. म्हणून मी दर वर्षी क्लबच्या सामन्यांना कंट्रोलर म्हणून उभा राहतो. आपली माणसं आता युरोप-अमेरिकेत अशा कितीतरी नद्यांच्या काठी घरं करून आहेत. तुमच्या गावाजवळ अशी स्पर्धा आली तर नाव द्या. मासा पकडता यायला हवा अशी अट नाही, मासे खात नसलात तरी चालतं. तीन तास उभं राहता यावं, आकडा स्वच्छ लिहिता यावा, आणि वेळ आली तर 'नाही' म्हणता यावं. गमबूट क्लब देतो.