एक नदी, दोन घड्याळे आणि एक परवाना

नदीची वाटणी म्हटले की आपल्या सीमाभागातल्या माणसाला पहिल्यांदा टीएमसी आठवतो. कृष्णेचा बच्छावत लवाद आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. म्हादईचा लवाद 2010 साली नेमला गेला आणि ऑगस्ट 2018 मध्ये त्याचा निवाडा आला. कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी. हे आकडे आपल्याकडे चहाच्या टेबलावरही तोंडपाठ असतात. पण नदीत पाण्याखेरीज आणखी एक धन असते, ते म्हणजे मासा. तो टीएमसीत मोजता येत नाही आणि नकाशावरची रेघही पाळत नाही. मग दोन राज्यांच्या, किंवा दोन देशांच्या मधून वाहणाऱ्या नदीतला मासा कोणाचा? या प्रश्नाला धरून दोनशे वर्षे जगणारे एक खोरे मला 2019 च्या जुलैमध्ये पाहायला मिळाले.

भाचा नोकरीनिमित्त फिनलंडमधील औलू शहरात होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने आग्रहाने बोलावून घेतले. औलूहून बसने समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला निघालो की दोन-अडीच तासांत टोर्निओ हे गाव येते. गाव टोर्ने नदीच्या मुखाशी आहे आणि त्याला अगदी चिकटून हापारांडा. टोर्निओ फिनलंडचे, हापारांडा स्वीडनचे. मध्ये ना चौकी, ना शिपाई. आपण बोलत बोलत चालत जातो आणि दुसऱ्या देशात पोहोचतो. इकडे युरो, तिकडे क्रोना. भाचा म्हणाला, "मामा, घड्याळ एक तास मागं करा बघा." फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असते. इथल्या गोल्फच्या मैदानाची काही भोके एका देशात आणि काही दुसऱ्या देशात आहेत. तेव्हा एकदा मारलेला चेंडू तासाभराने किंवा तासभर आधी पडतो, असा विनोद तिथले लोक पाहुण्यांना हमखास सांगतात.

1809 ची रेघ

ही सीमा काही फार पुरातन नाही. 1809 पूर्वी फिनलंड स्वीडनच्याच राज्यात होते. नदीच्या दोन्ही काठांवर एकच समाज, एकच बोली, एकच चर्च. त्या वर्षी स्वीडन रशियाशी लढाई हरले. हामिनाच्या तहात फिनलंड रशियाच्या झारकडे गेले आणि टोर्ने, मुओनिओ व क्योंकेमे या नद्यांच्या पात्रातून सीमा आखली गेली. टोर्निओ हे मूळ व्यापारी शहर झारच्या वाट्याला गेले, म्हणून स्वीडनने आपल्या बाजूला हापारांडा वसवले. खेडी मधोमध कापली गेली. आजही नदीच्या अल्याड कुक्कोला आणि पल्याड कुक्कोला, अल्याड पेल्लो आणि पल्याड पेल्लो अशी जोडगावे आहेत. एका घराची गवताची कुरणे समोरच्या काठावर गेली, सोयरीक दुसऱ्या देशात गेली. आपल्याकडे राज्य पुनर्रचनेनंतर काय झाले हे ज्यांनी घरात ऐकले आहे, त्यांना याचा वेगळा खुलासा करायला नको.

भाषेचीही कथा तशीच. स्वीडनच्या बाजूला राहिलेल्या लोकांची बोली फिनिश वळणाची. शाळा मात्र स्वीडिश. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मुलांना शाळेच्या आवारात घरची बोली बोलायला मनाई होती. शहरातल्या फिनिशपासून तुटलेली आणि स्वीडिश शब्द पोटात घेतलेली ही बोली पुढे 'म्येनकिएली' या नावाने उभी राहिली. या शब्दाचा अर्थ 'आपली भाषा'. एप्रिल 2000 पासून स्वीडनने तिला राष्ट्रीय अल्पसंख्य भाषेचा दर्जा दिला. या समाजावर झालेल्या अन्यायाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सत्य आयोगाचा अहवाल 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आला. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडताना दोन्ही, अशा आपल्या घरांना 'आपली भाषा' हे नाव लगेच कळेल. या बोलीत टोर्ने नदीला 'व्यायला' म्हणतात, म्हणजे वाट. नदी ही मध्ये आलेली भिंत नव्हे, ये-जा करायची वाट.

कुक्कोलाचे पाटे

टोर्निओहून पंधराएक किलोमीटर वर कुक्कोलाचा धबधबता प्रवाह आहे. धबधबा म्हणावा तर पाणी उंचावरून कोसळत नाही, साडेतीन किलोमीटरच्या लांबीत सुमारे 14 मीटर उतरते. पण खडकांवर आपटत जाणाऱ्या त्या पाण्याचा आवाज असा, की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. या उसळत्या पाण्यात दोन्ही काठांवरून लाकडी खांब रोवून अरुंद पाटे बांधलेले असतात. हिवाळ्यात नदी गोठते आणि वसंतात बर्फाच्या लाद्या सगळे ओढून नेतात, म्हणून हे पाटे दर उन्हाळ्यात नव्याने बांधावे लागतात.

पाट्याच्या टोकाला माणूस उभा राहतो. हातात कित्येक मीटर लांब काठी, तिच्या टोकाला जाळ्याची पिशवी. प्रवाहाच्या वरच्या अंगाला काठी पाण्यात घालायची, तळाजवळून पाण्याबरोबर खाली आणायची आणि उचलायची. पुन्हा तेच. या जाळ्यात सापडतो तो 'सीका', चंदेरी अंगाचा, पांढऱ्या मांसाचा मासा. समुद्रातून अंडी घालायला वर चढताना तो या खडकांच्या आडोशाला दम घेतो, नेमका तिथे हा माणूस उभा असतो. काठावर निखाऱ्यांभोवती लाकडी काडीत खोवलेले मासे तिरपे उभे करून भाजतात. मसाला म्हणजे फक्त जाडे मीठ. आम्ही खाल्ला. माझ्या जिभेला तिखटाची सवय, तरी तो मासा संपवल्यावरच मी मान वर केली.

मला जास्त आवडली ती वाटणीची पद्धत. हवे त्याने यावे आणि जाळे टाकावे असे इथे नाही. या ठिकाणचा मासेमारीचा हक्क गावातल्या जुन्या घरांकडे आहे. घरांच्या पाळ्या ठरलेल्या. जो मारतो त्याचाच मासा, असेही नाही. पकडलेले मासे काठावर एकत्र करून घरांच्या हिश्शाप्रमाणे वाटून घेतात. एखाद्या घरातली म्हातारी पाट्यावर उभी राहू शकत नसली तरी तिचा वाटा तिला मिळतो. आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या अशाच असत आणि काही गावांत अजून आहेत. जुलैच्या अखेरीला इथे सीका माशाची जत्रा भरते, तेव्हा दोन्ही कुक्कोला गर्दीने फुलतात.

परवाना एक, देश दोन

सीका गावाचा, पण सॅमनसाठी येतात ते बाहेरचे लोक. गळ आणि दोरी घेऊन उन्हाळ्यात येणाऱ्या हौशी माणसाला परवाना लागतो. पूर्वी नदीच्या मध्यापलीकडे गळ गेला की दुसऱ्या देशाचा कायदा लागू, असा घोळ होऊ शकला असता. तो टाळण्यासाठी सीमेच्या मोठ्या पट्ट्यात दोन्ही देशांचा मिळून एकच परवाना निघतो. तो घेतला की मधल्या रेषेची काळजी करावी लागत नाही. भाच्याने एका दिवसाचा परवाना घेतला होता. नियमांचे कागद फिनिश आणि स्वीडिश दोन्ही भाषांत होते. दिवसाला माणशी एकच सॅमन. पन्नास सेंटिमीटरहून लहान असला तर तोही सोडून द्यायचा. समुद्रातून येणारा ट्राउट मासा तर ठेवायचाच नाही, कारण त्याची संख्या फार घटली होती. आठवड्यातून एक दिवस, रविवार संध्याकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत, सॅमनला सुट्टी. आणि ही सुट्टी सुरू होण्याची वेळ फिनलंडच्या घड्याळात सात, तर स्वीडनच्या घड्याळात सहा अशी सांभाळलेली, म्हणजे दोन्ही काठांवरचे गळ एकाच क्षणी वर यावेत. भाच्याला त्या दिवशी काही मिळाले नाही. पण सात तास पाण्याकडे बघत बसायचा परवाना मिळाला, हेही काही कमी नाही, असे तोच म्हणाला.

यामागे यंत्रणा आहे. 1971 साली दोन्ही देशांनी सीमानद्यांचा करार करून एक संयुक्त आयोग नेमला. 2009 मध्ये नवा करार झाला आणि 1 ऑक्टोबर 2010 पासून तो अमलात आला. मासेमारीचे नियम या कराराला जोडलेले आहेत आणि माशांची स्थिती पाहून दोन्ही सरकारे त्यांत वर्षावर्षाला फेरफार करू शकतात. सीमेची रेषासुद्धा दर पंचवीस वर्षांनी तपासतात, कारण नदी गाळ टाकते, पात्र बदलते. 2006 साली अशी तपासणी झाली होती.

समुद्रात कोणाचा?

एवढे चोख नियम असूनही मासा सुरक्षित आहे का, याचे उत्तर नदीच्या काठावर मिळत नाही. सॅमन जन्मतो नदीत, तीन-चार वर्षे तिथे वाढतो आणि मग बाल्टिक समुद्रात उतरून पार दक्षिणेला जातो. एक ते तीन वर्षे तिथे खाऊन-पिऊन मोठा झाला की आपल्या जन्मनदीकडे परततो. या प्रवासात त्याला किती देशांची जाळी आडवी येतात! 1980 च्या दशकात टोर्नेचा सॅमन संपायच्या बेतात होता. नंतर समुद्रातल्या मासेमारीवर टप्प्याटप्प्याने बंधने आली. 2008 पासून बाल्टिकमध्ये वाहती जाळी टाकायला युरोपीय संघाने बंदी केली. फळ दिसले. नदीमुखापासून सुमारे शंभर किलोमीटर वर कत्तिलाकोस्की येथे ध्वनिलहरींनी मासे मोजण्याचे यंत्र बसवलेले आहे. 2014 साली त्याने एका हंगामात एक लाखाहून अधिक सॅमन वर जाताना मोजले.

आणखी एक कारण आपल्याला विशेष समजेल. टोर्नेच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. शेजारच्या केमी नदीच्या मुखाशी 1940 च्या दशकाच्या अखेरीस विजेसाठी बांध घातला गेला आणि तिथले सॅमनचे वैभव त्यासरशी संपले. हिडकल, नविलुतीर्थ, आलमट्टी या धरणांनी आपल्याला पाणी आणि उजेड दिला, ते आपण नाकारू शकत नाही. पण बांधाखालच्या आणि वरच्या माशांचे काय झाले, हा प्रश्न आपल्या भोई आणि अंबिगेर कुटुंबांखेरीज फारसा कोणी विचारला नाही.

मात्र टोर्नेची ही गोष्ट 'आणि ते सुखाने नांदू लागले' अशी संपत नाही. 2023 आणि 2024 च्या हंगामांत वर चढणाऱ्या सॅमनची संख्या पुन्हा खूप घसरली. त्याआधी 2022 पासून युरोपीय संघाने बाल्टिकच्या बऱ्याच भागात सॅमनची ठरवून होणारी मासेमारी बंद केली होती, तरीही. नदीकाठचा माणूस समुद्रातल्या ट्रॉलरकडे बोट दाखवतो, मुखाजवळचा कोळी नदीतल्या हौशी गळवाल्याकडे, आणि पाण्याचे तापमान कोणाचेच ऐकत नाही.

टेनोचा धडा

याच फिनलंडच्या अगदी उत्तरेला, नॉर्वेच्या सीमेवर टेनो नदी आहे. तिथले मूळ रहिवासी सामी लोक. सॅमन हे त्यांचे अन्न, आणि मासेमारीची त्यांची भाषा आणि कौशल्ये या नदीवरच घडली. 2017 साली दोन्ही देशांचा नवा करार अमलात आला आणि मासेमारी बरीच कमी करण्यात आली. मासा घटत होता, हे खरे. पण आम्हाला नीट विचारले नाही, आमच्या जाळ्यांवर बंधने आणि सुट्टीकरांना परवाने, हा कोणता न्याय, अशी सामी लोकांची तक्रार होती. काही तरुणांनी नदीतल्या एका बेटावर तंबू ठोकला आणि 'इथे नवा नियम चालणार नाही' असे जाहीर केले. 2021 पासून तर टेनोत सॅमनची मासेमारीच बंद करावी लागली. एप्रिल 2022 मध्ये फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकडच्याच उपनद्यांत नियमबाह्य मासे पकडल्याचा आरोप असलेल्या सामींना निर्दोष ठरवले. आपल्या गावच्या पाण्यात मासे पकडणे हा त्यांच्या संस्कृतीचा हक्क आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण हक्क मिळाला त्या वेळी मोठ्या नदीत पकडायला सॅमनच उरला नव्हता.

एकाच देशाच्या या दोन सीमानद्या. कुक्कोलात सरकारी नियमाच्या आत गावाचा जुना नियम जिवंत राहिला, म्हणून लोक सरकारी नियमही आपला मानतात. टेनोत नियम राजधानीतून आला, तो शास्त्राला धरून असेल, पण ज्यांच्या ताटातला मासा कमी व्हायचा होता त्यांना तो परका वाटला. आपल्या लवादांपुढे तीन राज्यांचे वकील उभे राहतात. नदीकाठच्या माणसाची साक्ष तिथे कितपत पोहोचते, हा विचार मी वर्गात आंतरराज्य पाणीतंटे शिकवताना आता नेहमी मांडतो. विद्यार्थी विचारतात, "सर, मग बरोबर कोण?" मी त्यांना आपापल्या गावच्या नदीवर जाऊन तिथल्या मासे पकडणाऱ्यांशी बोलून यायला सांगतो, ज्याला जी भाषा जमेल त्या भाषेत.

2020 च्या वसंतात कोविडमुळे टोर्निओ आणि हापारांडा यांच्या मधल्या चौकात कुंपण उभे राहिल्याचे फोटो भाच्याने पाठवले होते. कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून लोक आपल्या माणसांशी बोलत होते. त्याच सुमारास कोगनोळीच्या नाक्यावर आपलीही अनेक कुटुंबे अडकली होती. तिकडचे कुंपण पुढे निघाले. बर्फ वितळला तसे कुक्कोलाचे पाटे नेहमीप्रमाणे पाण्यात उभे राहिले, आणि सीका त्याच वाटेने वर आला.