गिल्बर्ट हिल ऊर्फ गावदेवी डोंगरी

गिल्बर्ट हिल हा अंधेरी पश्चिमेत वस्तीच्या मधोमध उभा असलेला काळ्या बसाल्टचा सुळका आहे. उंची सुमारे 200 फूट. आज तो एकटा दिसतो. मुळात मात्र जोगेश्वरीकडे गेलेल्या एका डोंगररांगेचा हा उरलेला तुकडा. बाकीची रांग खाणींनी खाल्ली.

सुळक्याचा कडा म्हणजे एकमेकांना चिकटलेले उभे, बहुकोनी स्तंभ. लाव्हा निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरत जातात. त्यातून असे स्तंभ सुटे होतात. पायथ्याच्या गल्लीतून कडा जवळून पाहताना मला दोन स्तंभांमधल्या फटीत रुजलेलं पिंपळाचं रोप दिसलं. दगड किती सरळ फाटला आहे, ते त्या फटीवरून कळतं.

या दगडाचं वय 6.6 कोटी वर्षं असं सर्रास छापलं जातं. तो आकडा दख्खनच्या मुख्य लाव्हापर्वाचा. 2001 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मोजणीत इथलं वय 6 कोटी 5 लाखांच्या आसपास आलं. म्हणजे अंधेरीचा हा लाव्हा बराच मागाहून आला.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट (1843–1918) या अमेरिकी भूवैज्ञानिकावरून हे नाव पडलं, असं मानतात. 1899 मध्ये त्यांनी अलास्कातल्या हिमनद्यांची पाहणी केली होती. ध्रुवाकडे अशी नावं निमूट खपतात. अंटार्क्टिकात भारताचं ‘मैत्री’ केंद्र ज्या शिर्माकर टेकड्यांत आहे, त्यांना 1938-39च्या जर्मन मोहिमेतल्या वैमानिकाचं नाव आहे. हरकत घ्यायला तिथे माणूसच राहत नव्हता. अंधेरीत गाव होतं आणि डोंगरीवर गावदेवी. त्यामुळे नकाशावर गिल्बर्ट आला, तरी पत्त्यात ‘गावदेवी डोंगरी’ टिकून आहे, आणि मला तेच नाव रास्त वाटतं.

माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेचं देऊळ, लहानशी बाग. खडकात खोदलेल्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. मी दम खात चढलो. वरून चहूबाजूंना टॉवर आणि पत्र्याची छपरं दिसतात, आणि ती सुळक्याला अगदी भिडलेली आहेत.

2007 मध्ये महापालिकेने गिल्बर्ट हिलला दुसऱ्या श्रेणीच्या वारसास्थळाचा दर्जा दिला. तोवर जोगेश्वरीकडचे स्तंभ फोडून झाले होते.