चाळीस जीबीतला डस्ट-टू

काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर उभा करताना डिस्क कोणती घ्यायची, हा प्रश्न आमच्या होस्टेलवर कधी कुणी विचारला नाही. 2004-05 चे दिवस. पास होऊन जाणारा सीनियर जुनं मशीन विकून जायचा आणि विंगमधली पोरं वर्गणी काढून ते घ्यायची. 256 एमबी रॅम, 40 जीबीची आयडीई डिस्क आणि एका बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवलेलं कॅबिनेट. तोच आमचा सर्व्हर. वाद व्हायचे ते लॅन कार्डावरून आणि स्विच कुणाच्या खोलीत ठेवायचा यावरून. डिस्क आहे ती आहे.

आणि त्यात काही चुकत नव्हतं. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर मॅप एकदा उघडला की रॅममध्ये घेतो. मॅपची फाइल असायची काही एमबींची. पुढचा सगळा खेळ प्रोसेसर आणि नेटवर्क यांच्यात. गोळी लागली की नाही, बॉम्ब कुठे ठेवला, कोण कुठल्या दारात दबा धरून बसलाय, यातलं काहीही डिस्कवर लिहिलं जात नसे. राउंड संपला की ते जग पुसलं जायचं आणि नवं सुरू व्हायचं. दोन तास डस्ट-टू हा मॅप खेळून मशीन बंद केलं, तर खेळाचं म्हणून मागे काहीच उरत नसे. त्यामुळे डिस्क कितीही मंद असली तरी सर्व्हरला फरक पडायचा नाही. फरक पडायचा खेळणाऱ्याला. मॅप बदलला की सगळ्या विंगमधून डिस्कची करकर एकदम ऐकू यायची. नव्या मशीनवाला आधी आत जायचा आणि बाकीच्यांच्या स्क्रीनवर लोडिंगची पट्टी रेंगाळत राहायची.

ती करकर मला आजही कानात ऐकू येते. डिस्कची तब्येत आम्ही आवाजावरून ओळखायचो. नेहमीचं काम करताना बारीक खरखर. विंडोज स्वॅपमध्ये गेलं की अखंड चाललेली करकर. आणि ठरावीक अंतराने 'टक्... टक्...' असा आवाज यायला लागला की समजायचं, हेड जागेवर बसत नाहीये, आता हातात दिवस थोडे. मग आहे ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी डिस्कवर उतरवायची धावपळ. त्यासाठी कॅबिनेट उघडायचं, रुंद चपटी रिबन केबल ओढायची, आणि डिस्कच्या मागचा तो शेंगदाण्याएवढाही नसलेला जंपर नखाने काढून 'मास्टर'वरून 'स्लेव्ह'वर बसवायचा. जंपर कसा लावायचा याचं चित्र डिस्कच्या स्टिकरवरच असायचं. जंपर हातातून निसटून कॉटखाली गेला की चार जण टॉर्च घेऊन आडवे.

त्या सर्व्हरवर जपून ठेवावी अशी एकच फाइल होती: सीएसस्टॅट्स डॉट डॅट. एएमएक्स मॉड एक्स घातलं की कुणी किती मारले, किती हेडशॉट, किती वेळा मेला, हे सगळं त्या एका फाइलीत जमा व्हायचं. चॅटमध्ये 'टॉप15' टाइप केलं की स्क्रीनवर यादी यायची, आणि त्या यादीतल्या जागेवरून मेसमध्ये किती भांडणं झाली असतील! फाइल एवढीशी, की फ्लॉपीवर मावावी. पण ती लिहिली जायची मॅप बदलताना. आणि ते दिवस होते महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगचे. मॅपच्या ऐन मध्यात लाइट गेली की त्या मॅपमधले सगळे किल्स हवेत. वर मशीन परत सुरू करताना निळ्या स्क्रीनवर डिस्क तपासणीचे टक्के हळूहळू सरकणार, आणि विंगमधला प्रत्येक जण येऊन विचारणार, 'झाला का रे चालू?' यूपीएस घ्यायचा ठराव दर महिन्याला व्हायचा.

वेगवान डिस्क आम्ही पाहिल्या त्या 'डिजिट' मासिकातच. 2003 मध्ये वेस्टर्न डिजिटलची रॅप्टर आली होती: क्षमता फक्त 36 जीबी, पण मिनिटाला 10,000 फेरे. त्याच्याही वर स्कझीवर चालणारी सीगेटची चीता, 15,000 फेऱ्यांची. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलं की असल्या डिस्कची नुसती चौकशी करायची आणि 7,200 फेऱ्यांची साधी डिस्क घेऊन परत यायचं.

फेऱ्यांचा हिशेब तेव्हा आकर्षणापुरता होता. तो खरा कामाचा कुठे ठरतो, हे मला पुढे माइनक्राफ्टने शिकवलं. 7,200 फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार. हेड त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ. एक विखुरलेला तुकडा वाचायला असे बारा-तेरा मिलिसेकंद जातात. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 टिक चालवतो, एका टिकला 50 मिलिसेकंद. म्हणजे डिस्कवरचे चार तुकडे वाचण्यातच एका टिकइतका वेळ गेला. खेळाडू पाच-सहा असतील आणि चारही दिशांना पांगले असतील, तर प्रत्येकासाठी जगाचे वेगळे तुकडे, म्हणजे चंक, वाचायचे. सुरुवातीच्या माइनक्राफ्टमध्ये तर प्रत्येक चंकची वेगळी फाइल असायची. 2011 मध्ये 1,024 चंक एका रीजन फाइलीत बांधायची पद्धत आली, तेव्हा सर्व्हरवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात थायलंडमधल्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कच्या किमती सगळीकडे भडकल्या. नोव्हेंबरात माइनक्राफ्टची पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. डिस्कवर जपावं असं जग लोकांच्या हाती आलं, ते नेमकं डिस्क परवडेनाशी झाल्यावर.

खरा बदल झाला तो इथे. डस्ट-टूवर आम्ही काही बांधत नव्हतो. माइनक्राफ्टमध्ये माणसं बांधतात. माझा भाचा आणि त्याचे मित्र नाशिकहून एक सर्व्हर चालवतात. त्या जगात त्यांनी एक अख्खा घाट, त्यावरून जाणारी रेल्वे आणि पायथ्याला गाव उभं केलंय. दोन वर्षांच्या सुट्ट्या त्यात गेल्यात. परवा त्याचा फोन आला, "मामा, स्पीड जास्त म्हणून जेन फोर एनव्हीएमई घेऊ ना?"

मी म्हटलं, घे, पण स्पीडसाठी नको घेऊस. जाहिरातीतला सेकंदाला 7,000 एमबीचा आकडा एक मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. गेम सर्व्हर वाचतो आणि लिहितो बारीक तुकडे, इकडचे तिकडचे. त्यात साधी साटा एसएसडीसुद्धा फिरत्या डिस्कच्या शंभरपट पुढे असते, आणि तिथून महागड्या एनव्हीएमईपर्यंतचा फरक खेळताना फारसा जाणवत नाही. नवा प्रदेश तयार होताना सर्व्हर अडखळतो तो बहुतेक प्रोसेसरमुळे. त्याला उपाय म्हणजे जगाची हद्द ठरवून आतले चंक आधीच तयार करून ठेवणं. उरलेले पैसे दुसऱ्या जागी लाव. स्वस्तातली क्यूएलसी प्रकारची एसएसडी टाळ, टीएलसी घे. क्यूएलसीचा कॅश भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो. टीबीडब्ल्यूचा आकडा बघ, म्हणजे डिस्कवर एकूण किती लिहून होईपर्यंत कंपनी वॉरंटी देते. आणि एक मोठी घेण्यापेक्षा बेताच्या दोन घेऊन रेड 1 कर, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जाईल. एक गेली तरी खेळ चालू राहील.

"मग बॅकअपची गरज नाही ना?" तो लगेच म्हणाला.

इथे मला आवाज चढवावा लागला. रेड 1 म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून जग डिलीट केलं किंवा कुणी घुसून घाट उडवला, तर तो बदल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर जातो. त्याच मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत ठेवणं म्हणजे घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला टांगणं. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली. रस्ट या खेळाचे युरोपातले 25 सर्व्हर त्यात गेले, आणि तो डेटा परत आणता येणार नाही असं रस्ट बनवणाऱ्या फेसपंच कंपनीने जाहीर केलं. लाखो रुपयांची यंत्रं आणि चोवीस तास पहारा असलेल्या इमारतीची ही गत.

जुन्या डिस्कबद्दल मला हळहळ वाटते ती एका गोष्टीसाठी. ती जाण्याआधी बोलायची. एसएसडीला आवाज नाही. काल रात्री ठणठणीत असलेली आज बायोसमध्ये दिसतच नाही, असं मी पाहिलंय. म्हणून आता कानांचं काम 'स्मार्ट'च्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींच्या, आकड्यांवर सोपवावं लागतं. झीज किती टक्के झाली, राखीव जागा किती उरली, हे मी भाच्याला दर महिन्याला बघायला लावतो. त्याला ते कंटाळवाणं वाटतं. ज्याने तो टक् टक् आवाज कधी ऐकलाच नाही, त्याला त्या आकड्यांतली धास्ती कशी कळावी!

बाकी मात्र मी आजच्या बाजूचा आहे. घाटातल्या रेल्वेचं जग चाळीस जीबीच्या त्या डिस्कवर टाकायची माझी कधीच छाती झाली नसती.

शेवटी ठरलं ते असं: सर्व्हरमध्ये टीएलसीच्या दोन एसएसडी, मिररमध्ये. सोबत छोटा यूपीएस, कारण घरगुती एसएसडीत लाइट जाताना हातातलं लिखाण पूर्ण करायला लागणारे कपॅसिटर बहुधा नसतात. रोज पहाटे सेव्ह-ऑफ देऊन जगाचं आपोआप होणारं लिखाण थांबवायचं, कॉपी काढायची, सेव्ह-ऑन द्यायचं. ती कॉपी घरातल्याच एका 4 टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर. हे काम ती आजही एसएसडीपेक्षा स्वस्तात करते. आणि आठवड्याची एक प्रत नेटवरून पुण्याला, माझ्याकडे.

त्यावर मी त्याला आणखी एक गोष्ट हट्टाने करायला लावली. दुसऱ्या लॅपटॉपवर रिकामा सर्व्हर टाकून बॅकअपमधून सगळं परत उभं करायचं. जग आलं, घाट आला, रेल्वे चालली. पण मित्र आत येईनात. व्हाइटलिस्ट आणि ऑप्सच्या फाइली जगाच्या फोल्डरमध्ये नसतात, बाहेर असतात. त्या कॉपीत आल्याच नव्हत्या. त्याने त्याच रात्री कॉपीच्या स्क्रिप्टमध्ये त्या फाइलींसाठी दोन ओळी वाढवल्या आणि परत सगळं उभं करून पाहिलं.