पंडित वकिलांचा कागद

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता शाळेच्या कचेरीत मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आलो होतो. पंचवीस वर्षांपूर्वी तो इथूनच दहावी झाला. त्याच्या जन्मदाखल्यावर नावच नाही. नोंद बारशाआधीची, पुढे नाव घालून घ्यायचं आमच्याकडूनच राहिलं. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या फायलीसाठी त्याच्या वकीलबाईंनी दुसरा पुरावा मागितला. कचेरीनं दाखला चार दिवसांत दिला. फाइल मात्र अजून रांगेतच आहे.

त्याच बाईंनी फोनवर विचारलं, "तुम्ही बडोद्याचे ना? मग अहमदाबादचे सखाराम गणेश पंडित ठाऊक असतील." आपल्या कुठल्याही वाड्यात शोभेल असं नाव, पण आम्ही ते ऐकलंही नव्हतं. नातीला शेजारी बसवून संगणकावर शोधलं.

पंडितांचा जन्म १८७५ चा. अमेरिकेत गेल्यावर १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं त्यांना नागरिकत्व दिलं आणि १९१७ मध्ये ते कॅलिफोर्नियात वकील झाले. त्या काळी आशियातून आलेल्याला नागरिक व्हायचं तर तो 'गोरा' ठरावा लागे! भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्यांच्या वकिलांत पंडितही होते. १९२३ मध्ये निकाल विरुद्ध लागला. मानववंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असं न्यायालय म्हणालं. (निकालात थिंद यांना 'हिंदू' म्हटलं आहे. तिकडे तेव्हा सगळेच भारतीय हिंदू.) मग सरकार जुनी नागरिकत्वंही काढून घेऊ लागलं. डझनावारी लोकांची गेली आणि पंडितांवरही खटला आला.

या वेळी ते स्वतःसाठी उभे होते. नागरिकत्व गेलं असतं तर वकिलीही गेली असती. पत्नी लिलियन जन्मानं अमेरिकन, पण तेव्हाच्या कायद्यानं तिचंही नागरिकत्व धोक्यात. पंडितांचा मुद्दा साधा होता. १९१४ मध्ये न्यायालयानं हाच प्रश्न तपासून कागद दिला आणि सरकारनं अपील केलं नाही. त्या कागदाच्या भरवशावर आपण धंदा, घर, संसार उभा केला. आता तो परत मागता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला आणि अशा उरलेल्या खटल्यांतून सरकारनं अंग काढून घेतलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते मात्र १९४६ च्या कायद्यानं.

वाचता वाचता नात म्हणाली, "आजोबा, मी जन्मानं अमेरिकन आहे. मग बाबांचा कागद आला नाही तर ते एकटे परत येणार का?" आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. रांग लांब आहे, कारण नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा देत नाहीत, एवढं आम्ही तिला समजावलं. विचारलं होतं ते निराळंच.

परवा मुलाचा फोन आला. दाखल्यावर अजून आपल्या जुन्या मास्तरांचंच अक्षर असतं का, म्हणाला. आता तो संगणकावर छापून मिळतो, असं सांगितलं.