पुठ्ठ्याचे मोल

वस्तूची किंमत कशावर ठरते, असे विचारले तर आमच्या पिढीचा माणूस झटकन सांगेल, उपयोगावर! पातेले जाड बुडाचे असेल तर चार पैसे जास्त, छत्री दोन पावसाळे टिकली तर पैसे फिटले. या हिशेबात मुळीच न बसणारा एक व्यापार मी गेल्या वर्षी न्यू जर्सीत, चिरंजीवांच्या घरी चार महिने राहिलो तेव्हा पाहिला.

तिकडे बेसबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. त्या खेळाडूंची चित्रे छापलेली पुठ्ठ्याची कार्डे मुले जमवतात. पूर्वी ती सिगारेटच्या पाकिटातून येत, पुढे च्युइंगगमबरोबर येऊ लागली. आम्ही नाही का सदाशिव पेठेत काडेपेट्यांचे छाप जमवत होतो, त्यातलाच प्रकार! फरक एवढाच, की आमचे छाप आईने एका दिवाळीच्या आवराआवरीत बंबात घातले. तिकडचे एक कार्ड मात्र २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले.

हे कार्ड मिकी मँटल या खेळाडूचे, टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले. माझा दहा वर्षांचा नातू या शास्त्रातला पंडित. त्याने माझी शिकवणीच घेतली.

"आजोबा, मँटलचं पहिलं कार्ड हे नाहीच. ते १९५१चं, बोमन कंपनीचं."

"मग ते याहून महाग असेल."

"नाही ना! तीच तर गंमत आहे."

एरवी खेळाडूच्या पहिल्या कार्डाला मान मोठा. पण इथे लोकांचा जीव दुसऱ्यावर जडला. शिवाय न खपलेली बरीचशी कार्डे आपण १९६० साली चक्क समुद्रात बुडवली, असे कंपनीचे साय बर्गर स्वतः सांगत. उरलेली घरोघरच्या आयांनी, मुले मोठी झाल्यावर, केरात टाकली. म्हणजे हा भाव चढवण्यात आमच्या आईसारख्या बायकांचाच हात! उलट १९९०च्या आसपास लोकांनी पुढे पैसा होईल म्हणून कार्डे जिवापाड जपली आणि कंपन्यांनीही ती वारेमाप छापली. सगळ्यांनीच जपली, म्हणून आज त्यातल्या बहुतेकांना रद्दीपलीकडे मोल नाही.

होनस वॅग्नरचे कार्ड १९०९ ते १९११च्या सिगारेटच्या संचातले. ते लवकरच छापायचे थांबले. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्यानेच नकार दिला, असे कोणी म्हणतात. पैशावरून बिनसले, असेही कोणी म्हणतात. आज जेमतेम ५०-६० कार्डे माहीत आहेत. त्यातले एक, चांगलेच झिजलेले, २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांना गेले.

पण असे भाग्य एखाद्याचेच. बाकीच्यांना परीक्षा द्यावी लागते. कार्ड तपासून १ ते १० गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. कोपरे टोकदार हवेत, कडा अभंग हव्यात, चित्र अगदी मधोमध हवे, पृष्ठभागावर ओरखडा नको. पूर्वी मुलगी पाहायला येणारी वरपक्षाची मंडळीही इतकी निरखून पाहत नसत!

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर आमची बैठक जमे. त्यांच्या घराचे छप्पर गळत होते आणि दुरुस्तीचा आकडा पेन्शनीच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यांच्यापाशी हँक एरनचे १९५४ सालचे कार्ड होते, त्याचे पहिलेच. बेब रूथचा ७१४ होमरनांचा विक्रम १९७४ साली मोडणारा तो हाच एरन. नातू तर उडालाच. आम्ही तिघे कार्ड घेऊन दुकानात गेलो.

दुकानदाराने भिंग लावले. कोपरे बरे होते. मग त्याने कार्ड उलटले आणि भिंग खाली ठेवले. मागे निळ्या शाईत, मुलाच्या वळणाने, एक नाव लिहिलेले होते.

"हे नसते तर तुमच्या छपराचे बरेचसे काम भागले असते," तो म्हणाला आणि त्याने फारच लहान आकडा सांगितला.

"पुसता येणार नाही का?" नातवाने विचारले. दुकानदार म्हणाला, खाडाखोड भिंगाखाली कळते आणि मग कार्ड आणखीच बाद होते.

"आले असते तरी पुसायचे नाही," म्हातारबाबा म्हणाले. ते नाव त्यांच्या थोरल्या भावाचे होते. खेळताना कार्डांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने ते आठव्या वर्षी लिहिले होते. पुढे तो व्हिएतनामच्या लढाईवर गेला आणि परत आला नाही. म्हातारबाबांनी कार्ड रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. छपरावर त्या पावसाळी दिवसांत ताडपत्री आली.

परतीच्या वाटेवर नातू एक शब्द बोलला नाही. बाजाराचे सगळे नियम त्याला पाठ होते. पण हे गणित त्यातल्या कुठल्याच नियमाने सुटत नव्हते. मीही ते सोडवून दिले नाही.

मी पुण्याला निघालो तेव्हा त्याने आपल्या प्लास्टिकच्या वहीतून एक कोरे करकरीत कार्ड काढून माझ्या हातात ठेवले. विमानात बसल्यावर मी ते उलटून पाहिले. मागे शाईने, मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "आजोबानां". अनुस्वार चुकीच्या अक्षरावर पडला होता.

आता त्या कार्डाला बाजारात कोणी विचारणार नाही. मी ते देवघराच्या खणात ठेवले आहे आणि यंदाच्या आवराआवरीत त्याला हात लावायचा नाही, असे घरात बजावून सांगितले आहे.