ठाण्याची फिर्याद

माटुंगा स्थानकावरून ठाण्याची धिमी गाडी पकडताना त्या निवृत्त प्राध्यापकांच्या पिशवीत काही छायाप्रती असत. हेन्री यूल याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील ती पाने होती. पोर्देनोनेचा ओडोरिक या फ्रान्सिस्कन साधूने १३३० मध्ये पादुआ येथे तोंडी सांगून लिहविलेल्या प्रवासवृत्तान्ताचे ते इंग्रजी भाषांतर. १३२१ च्या एप्रिलात ठाण्यास चार ख्रिस्ती साधू मारले गेले, त्याची विस्तृत कथा या पानांत येते. ओडोरिक घटनेच्या वेळी तेथे नव्हता. तो नंतर आला आणि मृतांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. ठाण्याचे उंदीर कुत्र्यांएवढे असतात आणि मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, असेही तो त्याच ओघात सांगून जातो. इतिहासकारांना हे उंदीर अडचणीचे वाटतात. प्राध्यापकांना त्यांच्यामुळेच निवेदक ओळखीचा वाटू लागला.

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्या मध्ययुगीन संघर्षाचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जेरुसलेम येते. १०९९ चा पाडाव, ११८७ चा सलाहुद्दीन येतो. धर्मयोद्ध्यांचे आक्रे १२९१ मध्ये पडले, त्यानंतर अवघ्या तीस वर्षांनी तो संघर्ष आपल्या खाडीच्या काठी येऊन गेला, याची नोंद मराठी मनाने फारशी घेतलेली नाही. प्राध्यापकांचे कुतूहल मात्र संघर्षापेक्षा त्याच्या कथनाविषयी होते. आरंभीच्या इस्लामी राज्यव्यवस्थेत ज्यू व ख्रिस्ती यांना जिझिया देऊन जीविताचे व उपासनेचे संरक्षण मिळे. प्रेषिताची उघड निंदा केली की ते संपे. नवव्या शतकात, ८५० ते ८५९ या दशकात, स्पेनमधील कॉर्दोब्यास अनेक ख्रिस्ती जणांनी जाणूनबुजून ही मर्यादा ओलांडली आणि एवलोजियस याने त्यांच्या कथा लिहिल्या. काजीसमोर उभे राहणे, प्रेषिताविषयी प्रश्न, कठोर उत्तर, शिरच्छेद हा घाट तेव्हापासून तयार होता. ठाण्याची कथा त्याच घाटात ओतलेली आहे. तोलेन्तिनोचा थॉमस उत्तर टाळू पाहतो, पुन्हा विचारल्यावर टाळत नाही. मग ऊन, अग्नी, चमत्कार आणि तलवार. हे सारे अपेक्षित आहे. चमत्कार तर सर्वांत अपेक्षित.

अपेक्षित नाही ते कथेच्या आरंभीचे. साधू एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारले. ती काजीकडे गेली. पुरावा काय, असे त्याने विचारताच ती म्हणाली की घरात उतरलेल्या चार फिरंगी साधूंनी हे पाहिले आहे. तेथे हजर असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका माणसाने सुचविले की हे लोक मोठे शास्त्रज्ञ आहेत, बोलवावे, वाद घालता येईल. तिघे गेले, सिएनाचा पीटर सामान राखीत घरी थांबला. तिफ्लिसचा दिमित्रियस बहुभाषी होता, तो बरोबर होता. वाद सुरू झाला आणि बाई कथेतून नाहीशी झाली.

प्राध्यापकांचे म्हणणे असे की हा तपशील घाटाने पुरविलेला नाही. हुतात्म्याच्या कथेला बायकोच्या मारहाणीची गरज नसते. म्हणूनच तो खरा असावा. ग्रीकमध्ये हुतात्म्यासाठी असलेल्या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार. अरबीतही शाहिद आणि शहीद एकाच धातूचे. दोन्ही धर्मांच्या भाषांत जो अर्थ जिवंत होता, तो मराठीच्या ‘हुतात्मा’ या शब्दात उरत नाही. त्यात आहुती आहे, साक्ष नाही. ठाण्याच्या साधूंना बोलावणे आले ते पहिल्या, साध्या अर्थाने. मार पाहिला का, एवढेच सांगायचे होते. ते त्यांनी सांगितले की नाही, याविषयी ओडोरिक एक अक्षरही बोलत नाही.

या मौनापाशी त्यांचे वाचन दर वेळी अडे, आणि त्याचे कारण केवळ समीक्षेचे नव्हते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर सलोख्याची जी निवेदने निघाली, त्यांपैकी एकावर त्यांनी सही केली होती. त्याच उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून आल्या. “सर, काल रात्री तुम्ही ऐकलंत ना? पोलिसांत एवढंच सांगा.” त्यांनी ऐकले होते. “तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी कसा बोलू?” असे ते म्हणाले आणि दार लोटून पुन्हा व्याख्यानाच्या टाचणांकडे वळले. व्याख्यानाचा विषय ‘इतर’ या संकल्पनेचा होता. पुढे ते बिऱ्हाड गेले. कोठे, ते त्यांनी विचारले नाही.

ठाण्याच्या कथेत बाकी सर्वांचा हिशेब लागतो. ठाण्याच्या मलिकाने साधूंना आधी खाडीपार निसटू दिले, मग काजीच्या आग्रहाने मारविले. दिल्लीच्या सुलतानाने त्याला देहान्त दिला आणि काजी पळाला, असे ओडोरिक सांगतो. जॉर्डनस या सोबत्याने प्रेते सोपाऱ्यास पुरली. थॉमसला १८९४ मध्ये रोमने ‘धन्य’ ठरविले. फिर्यादीचा निकाल कोठेच नाही.

माहीमचे मखदूम अली माहिमी या घटनेनंतर अर्धशतकाने, १३७२ मध्ये जन्मले. अरबीत कुराणावर भाष्य लिहिणारा हा कोकणी विद्वान. माटुंग्याहून त्यांच्या दर्ग्यापर्यंत आणि माहीमच्या सेंट मायकेल चर्चपर्यंत पायी जाता येते. तेथील उरूस आणि बुधवारची गर्दी पाहून लोक सलोख्याविषयी बोलू लागतात. प्राध्यापक अशा वेळी गप्प राहतात. ठाण्यास मात्र ते अजून जातात. मासुंदा तलावाच्या कडेने एक फेरी मारतात. चौदाव्या शतकातील ते घर कोणत्या आळीत होते, हे शोधण्याचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नवा पत्ता मात्र परवा त्यांनी सोसायटीच्या जुन्या वहीत शोधायला घेतला.