बावीस बोटांचा शोध

‘पार्ट मिळत नाही’ हे आपल्या कॉलेजातलं सर्वांत ताकदवान वाक्य आहे. ते एकदा उच्चारलं की मशीनवर फडकं पडतं, फडक्यावर धूळ पडते आणि दोन-तीन वर्षांनी ते मशीन डेड स्टॉक रजिस्टरात जाऊन बसतं. मटेरियल्स लॅबमधली मफल फर्नेस याच वाटेला लागली होती. आमच्या आधीच्या तीन बॅचेसनी स्टील हार्डनिंगचं प्रॅक्टिकल जुन्या जर्नलमधून ‘केलं’. लालबुंद जॉब पाण्यात पडताना कसा आवाज होतो, हे त्यांच्यापैकी कुणीच ऐकलेलं नाही. मार्चमधल्या स्टॉक चेकिंगला फर्नेस राइट ऑफ होणार, असं लॅबमधल्या काकांनी सांगितलं आणि मी व माझा ईएनटीसीवाला रूम पार्टनर कामाला लागलो.

बिघाड तसा फुटकळ होता. हीटर चांगला, थर्मोकपल चांगला, कंट्रोल कार्डही चांगलं. कार्ड ज्या खाचेत बसतं तो एज कनेक्टर मात्र एका जागी जळून काळा पडला होता. असं का होतं, ते मजेशीर आहे. काँटॅक्टची स्प्रिंग थोडी सैल पडली की रेझिस्टन्स वाढतो. समजा 2 अँपिअर करंट आहे. रेझिस्टन्स 0.01 ओहम असेल तर उष्णता 0.04 वॅट, म्हणजे काहीच नाही. तोच 0.5 ओहम झाला की 2 वॅट, आणि तेही नखाएवढ्या पत्र्यात! त्या तापाने स्प्रिंग आणखी सैल होते, मग आणखी तापते. शेवटी प्लॅस्टिक जळतं.

फर्नेस जुनी, बनवणाऱ्याकडून उत्तर नाही, आणि कनेक्टरवर नंबर नाही. मग ओळख पटवायची कशी? तर मापून. कार्डाच्या कडेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात, त्यांना ‘फिंगर्स’ म्हणतात. आमच्या कार्डाला एका बाजूला 22 बोटं, दुसऱ्या बाजूला 22. एक बाजू आकड्यांची, दुसरी अक्षरांची. अक्षरं एपासून झेडपर्यंत, मग 26 हवीत ना? पार्टनरने खुलासा केला की आकड्यांशी किंवा एकमेकांशी घोटाळा होऊ नये म्हणून जी, आय, ओ आणि क्यू गाळतात. राहिली बरोब्बर 22!

आता दोन बोटांमधलं अंतर, म्हणजे पिच. एकच अंतर स्टीलच्या पट्टीने मोजलं तर 4 मिलिमीटर वाटतं. म्हणून व्हर्नियरने पहिल्या बोटाच्या मध्यापासून बाविसाव्याच्या मध्यापर्यंत मोजलं : 83.2. मधली अंतरं 21. भागाकार केला, 3.96 आलं. म्हणजेच 0.156 इंच, जुन्या इंडस्ट्रियल कार्डांचं नेहमीचं माप. 4 धरून चाललो असतो तर शेवटच्या बोटापाशी 0.8 मिलिमीटरचा फरक पडला असता. जवळचंच दुसरं माप 3.81 आहे. त्यात तर शेवटाला 3 मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे काँटॅक्ट जवळजवळ शेजारच्या बोटावरच!

एवढं कागदावर लिहून शनिवारी पुणे गाठलं. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जन्मात एकदा तरी पाहावी. पहिल्या चार दुकानांत ‘नाही’. पाचव्यात 22 जोड्यांचा मिळाला, पण पिच 2.54. सहाव्या दुकानातल्या शेठनी कागद वाचला, पोटमाळ्यावरून एक खोका उतरवला आणि म्हणाले, “पार्लरचा चालेल का?” व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशीनचा कनेक्टर! 1980च्या दशकात जपानमध्ये या मशीन्ससाठी ‘जामा’ नावाचं स्टँडर्ड ठरलं. त्याला 28 जोड्या असतात आणि पिच तेच, 3.96. कार्डाची जाडी 1.6, तीही जुळली. काँटॅक्टवर सोनंही होतं. हे बघणं गरजेचं, कारण सोन्याच्या बोटाला कथिलाचा काँटॅक्ट लावला की बारीक थरथरीने कथिलावर ऑक्साइड धरतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

पण 28च्या खाचेत 22चं कार्ड आडवं सरकणार. एक घर सरकलं तरी सप्लाय भलत्याच पिनवर जाऊन कार्ड खलास. म्हणून तेविसाव्या जोडीचे काँटॅक्ट उपसून काढले, तिथून हॅकसॉने कनेक्टर कापला आणि उघड्या टोकाला कोऱ्या लॅमिनेटचा तुकडा अ‍ॅराल्डाइटने चिकटवून भिंत केली. कार्डाला आठव्या-नवव्या बोटांमध्ये मुळातच एक चीर होती. तिच्यासमोर खाचेत प्लॅस्टिकची की बसवली. आता कार्ड उलटं बसत नाही आणि सरकतही नाही. मेन्स बंद करून, प्रत्येक वायरला नंबराची चिठ्ठी बांधून, फोटो काढून मगच सोल्डरिंग. कार्डाची बोटं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. खोडरबराने घासायची आपल्याकडे पद्धत आहे, पण सोन्याचा थर मायक्रॉनच्याही आतला असतो, तो किती वेळा घासणार?

काकांनी स्विच दाबला. काही वेळाने काटा हलला. 850 अंशांवर अर्धा तास ठेवून पहिला जॉब पाण्यात सोडला तेव्हा ‘चर्रर्र’ आवाजाला अख्ख्या बॅचने टाळ्या वाजवल्या. रॉकवेलवर हार्डनेस वाढलेला दिसला आणि जर्नलमध्ये आमची स्वतःची रीडिंग्ज गेली. काका एवढंच म्हणाले, “आता फडकं धुऊन टाकतो.”

मित्रांनो, ‘पार्ट मिळत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘पार्टचं नाव माहीत नाही’ एवढाच असतो. नाव नसलं तरी मापं असतातच : बोटं किती, पिच किती, कार्डाची जाडी, की कुठे, मुलामा कशाचा, मागची टोकं वायरसाठी की पीसीबीसाठी. ही सगळी उत्तरं असलेला आमचा तो कळकट कागद आम्ही फर्नेसच्या पॅनेलच्या दारावर आतून चिकटवला आहे. हा कनेक्टरही कधीतरी जाईलच. तेव्हा जो कुणी दार उघडेल, त्याला निदान सहा दुकानं हिंडावी लागणार नाहीत.